लस दंडात, दुखणे खांद्यात. दाद कुठे मागायची?

लस टोचल्यावर दंड दुखतो, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. एक दिवस, दोन दिवस, फार तर तीन दिवस. एखादी पॅरासिटामॉलची गोळी घेतली की आपण ते विसरूनही जातो. पण फार थोड्या लोकांच्या बाबतीत हे दुखणे जातच नाही. आठवडा होतो, महिना होतो. हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी घालता येत नाही, सदऱ्याची बाही चढवताना कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत असा रुग्ण येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, 'हे बरे होईल का?' दुसरा प्रश्न जरा घुटमळत येतो. 'डॉक्टर, मजुरी बुडाली, औषधपाण्याला पैसे गेले. याचे कुणी काही देते का?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे आणि ते बरेचसे दिलासा देणारे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात सापडते, पण रुग्णाच्या हातात काही पडत नाही. हे बदलायला हवे, असे माझे मत आहे. लस सगळ्यांच्या भल्यासाठी घ्या, असे आपण लोकांना सांगतो. मग त्या टोचण्यातून एखाद्याला इजा झाली, तर 'चूक कुणाची' हे त्याने सिद्ध करण्याआधी त्याला मदत मिळाली पाहिजे.

नेमके काय बिघडते?

मोठ्या माणसांना बहुतेक लशी दंडाच्या वरच्या बाजूच्या जाड, त्रिकोणी स्नायूत देतात. त्याला डेल्टॉइड म्हणतात. खांद्याच्या टोकाला बोट लावले की एक हाड लागते. तिथून साधारण दोन ते तीन बोटे खाली, काखेच्या रेषेच्या वर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला मधोमध ही जागा असते. त्याच हाडाच्या खाली एक चपटी, निसरडी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. हात वर-खाली होताना स्नायूंचे घर्षण होऊ नये, हे तिचे काम. ही पिशवी हाडाखालून दंडाच्या दिशेने काही सेंटिमीटर खाली उतरलेली असते. सुई फार वर टोचली गेली, तर औषध स्नायूत न जाता या पिशवीत किंवा खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या दोरांजवळ जाते.

लशीचे कामच मुळी शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणे हे आहे. स्नायूत ते काम नीट होते, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो आणि सूज दोन दिवसांत ओसरते. बर्सासारख्या बंद जागेत मात्र तीच प्रतिक्रिया धुमसत राहते. सूज येते, दुखते. दुखते म्हणून माणूस हात हलवत नाही. हलवत नाही म्हणून सांधा आखडतो. २०१० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा १३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या दुखापतीला एक लांबलचक नाव दिले. त्याच्या आद्याक्षरांवरून आता तिला जगभर 'सिर्व्हा' म्हणतात. अर्थ सरळ आहे: लस देण्याच्या पद्धतीमुळे झालेली खांद्याची इजा.

इथे 'देण्याच्या पद्धतीमुळे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोष लशीत नसतो. तीच लस दोन बोटे खाली टोचली असती, तर काही झाले नसते. आणि ही इजा कोणत्याही लशीने होऊ शकते. फ्लूची असो, धनुर्वाताची असो, करोनाची असो किंवा कुत्रा चावल्यावर घ्यायची रेबीजची असो.

पाचगणीसारख्या गावात हे कसे घडू शकते, ते पाहा. इथे निवासी शाळा पुष्कळ. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलांना धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दंडात देतात. थंडीचे दिवस असतील, तर अंगात स्वेटर आणि वर ब्लेझर. रांग लांब. बाही वर सरकत नाही, म्हणून गळ्याकडून कपडा खाली ओढला जातो. असे केले की दंड उघडा पडत नाही, खांद्याचा माथा उघडा पडतो. टोचणारी व्यक्ती उभी आणि मुलगा बसलेला असेल, तर सुई आणखी वरच लागते. बायकांच्या ब्लाउजची घट्ट बाही हीसुद्धा तशीच अडचण. गरोदर बाईला टीडी दिली जाते ती याच दंडात. म्हणून लस देणारा आणि घेणारा दोघेही बसलेले असावेत, बाही पूर्ण वर करावी, ती जात नसेल तर हात कपड्यातून काढावा आणि हाडापासून बोटे मोजून जागा धरावी. याला पैसे लागत नाहीत. प्रत्येकामागे अर्धा मिनिट जास्त लागतो आणि तेवढा वेळ मिळेल इतकी माणसे लागतात.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

लस आणि लस टोचणे यांतला फरक विसरल्याने काय होते, याचा मोठा धडा मुंबईच्या परळमध्येच मिळालेला आहे. प्लेगची लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा तिथे होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधल्या मुल्कोवाल गावी त्यांच्या लशीने १०७ जणांना टोचले गेले. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. संशय थेट मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब तपासात नोंदली गेली होती. तरीही हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. त्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना वृत्तपत्रात आवाज उठवावा लागला. १९२५ मध्ये त्या संस्थेला हाफकिन यांचे नाव दिले गेले.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकायच्या. टोचण्यातल्या चुकीचे खापर लशीवर फोडले, की चांगली लसही बदनाम होते. आणि 'दोषी कोण' याच्या वादात वर्षे जातात. त्या वादात जे गेले किंवा जखमी झाले, त्यांच्याकडे पाहायला कुणाला सवड नसते.

प्रत्येक आखडलेला खांदा लशीचा नव्हे

भरपाईची भाषा करण्याआधी डॉक्टर म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खांदा आखडणे हे चाळिशी ते साठीतले अगदी नेहमीचे दुखणे आहे. मधुमेह असणाऱ्यांत ते आणखी जास्त दिसते. थायरॉइडच्या विकारातही दिसते. कोट्यवधी लोक लस घेतात, तेव्हा त्यांतल्या काहींचा खांदा लस न घेताही त्याच महिन्यात आखडणारच होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, तर फांदी कावळ्याने तोडली असे होत नाही.

मग ओळखायचे कसे? अमेरिकेने भरपाईसाठी चार कसोट्या ठरवल्या आहेत आणि त्या वैद्यकीयदृष्ट्याही शहाणपणाच्या आहेत. एक, त्या खांद्यात आधी दुखणे किंवा बिघाड नव्हता. दोन, दुखणे लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले. तीन, दुखणे आणि हालचालीतली अडचण ज्या खांद्याजवळ लस दिली तिथेच आहे. चार, मानेच्या मणक्याचा आजार, नसेचा विकार असे दुसरे कारण सापडत नाही. लस उजव्या दंडात आणि दुखतो डावा खांदा, किंवा दुखणे तीन आठवड्यांनी सुरू झाले, तर बहुधा कारण वेगळे असते.

उपचार साधे आहेत. सूज उतरवणाऱ्या गोळ्या, फिजिओथेरपी, गरज पडल्यास सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन. क्वचित शस्त्रक्रिया. बहुतेकांना बरे वाटते, पण काहींना कित्येक महिने लागतात. महिन्याच्या पगारावर असलेल्या माणसाला हे महिने त्रासाचे जातात. स्ट्रॉबेरीच्या मळ्यात रोजावर जाणाऱ्या बाईला ते परवडत नाहीत. तिचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिलचा. त्यात भरलेला क्रेट उचलता आला नाही, तर वर्षाची कमाईच बुडते.

कायद्याचे रस्ते

समजा, अशी एक बाई दाद मागायला निघाली. तिच्यापुढे कोणते रस्ते आहेत?

पहिला, ग्राहक आयोगाचा. लस खासगी दवाखान्यात पैसे देऊन घेतली असेल, तर हा रस्ता खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेसाठी मोजलेली रक्कम पाहून कोणत्या आयोगाकडे जायचे ते ठरते. लशीची किंमत काही शे किंवा काही हजार रुपये असते. म्हणजे तक्रार जिल्हा आयोगाकडेच येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीचे शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची असते.

पण तिने लस सरकारी केंद्रात मोफत घेतली असेल, तर हे दार बंद आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनने लढवलेल्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. रुग्णांच्या दृष्टीने तो मोठाच निकाल. पण त्याच निकालाने सांगितले की जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत मिळते, ते रुग्णालय या कायद्याबाहेर. केसपेपरचे नाममात्र पैसे घेतले म्हणून फरक पडत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. गरिबांसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण म्हणजे ज्याच्याकडे पैसे होते, त्याला तक्रारीचा सोपा मार्ग आणि ज्याच्याकडे नव्हते, त्याला अवघड. हे उलटे आहे.

दुसरा रस्ता दिवाणी न्यायालयाचा. सरकारी रुग्णालय चालवणे हे राजसत्तेचे खास कार्य नाही, लोककल्याणाचे काम आहे. त्यामुळे कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाची भरपाई सरकारला द्यावी लागते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मांडले. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापडाचा बोळा राहून गेला आणि ती दगावली. तिच्या माणसांनी दावा लावला. खालच्या न्यायालयात जिंकले, उच्च न्यायालयात हरले आणि सर्वोच्च न्यायालयात पुन्हा जिंकले. तो निकाल फेब्रुवारी १९९६ चा. मधे गेली जवळजवळ तेहतीस वर्षे. आई गेली तेव्हा तान्हे असलेले मूल निकालाच्या दिवशी बत्तिशी ओलांडलेले असणार.

आणि तिथे तर पोटात राहिलेला बोळा हा पुरावाच होता. सुई दोन बोटे वर लागली, याचा पुरावा कोण देणार? दंडावर खूण राहत नाही. लसीकरण कार्डावर तारीख असते. कोणत्या हाताला, नेमक्या कोणत्या जागी टोचले, हे बहुधा नसते. सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी लागते. बाजू मांडायला तज्ज्ञ डॉक्टर लागतो. आणि निष्काळजीपणा सिद्ध करायचा म्हणजे दिवसभरात शेकडो जणांना टोचणाऱ्या एखाद्या परिचारिकेला आरोपीसारखे उभे करायचे. बहुतेक बायका म्हणतील, 'जाऊ द्या. ती तरी काय करणार बिचारी!' आणि घरी जातील.

करोनाच्या लशींच्या निमित्ताने हा प्रश्न मोठ्या न्यायालयांपर्यंत गेला. औरंगाबादच्या एका वडिलांनी, आपली डॉक्टर मुलगी आरोग्य कर्मचारी म्हणून लस घेतल्यानंतर २०२१ मध्ये दगावली असे सांगत, एक हजार कोटी रुपयांच्या भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने लस उत्पादक आणि सरकार यांना नोटिसा काढल्या. सर्वोच्च न्यायालयात दोन मुलींच्या पालकांनी अशीच दाद मागितली होती. तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्र दिले. लस घेणे ऐच्छिक होते, अशा अतिदुर्मीळ मृत्यूंसाठी सरकारला थेट जबाबदार धरता येणार नाही आणि ज्यांना भरपाई हवी त्यांनी निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयात जावे, असा त्याचा आशय होता. मृत्यूच्या प्रकरणात हे उत्तर, तर आखडलेल्या खांद्याचा विचार कोण करणार?

ऐच्छिक या शब्दाबद्दलही बोलायला हवे. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही लशीची सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट केले आणि लशीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवायला सांगितले. कायद्याने ते बरोबरच. पण माणूस लस घेतो ती फक्त स्वतःसाठी नसते. त्याने घेतली म्हणून शेजारच्या म्हाताऱ्याचे, वर्गातल्या आजारी मुलाचे रक्षण होते. आम्ही डॉक्टरच तर तसे सांगत गावोगाव फिरलो.

इतरांनी काय केले?

जर्मनीत १९५३ साली सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने देवीच्या सक्तीच्या लसीकरणाबाबत म्हटले की समाजासाठी ज्याने झीज सोसली, त्याची भरपाई समाजाने करावी. १९६१ मध्ये तसा कायदा झाला. ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा करून एकरकमी मदत सुरू केली. ती आज एक लाख वीस हजार पौंड आहे, पण त्यासाठी साठ टक्के अपंगत्व लागते. खांद्याची दुखापत त्यात सहसा बसत नाही.

अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा केला आणि १९८८ पासून वेगळा निधी चालवला. लशीच्या प्रत्येक डोसवर, तो जितक्या रोगांपासून संरक्षण देतो त्या प्रत्येक रोगामागे, ७५ सेंट कर घेतात. तो पैसा या निधीत जातो. अर्जदाराला कुणाचीही चूक सिद्ध करावी लागत नाही. २१ मार्च २०१७ पासून खांद्याची ही इजा त्या यादीत आली. अट अशी की त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा आणि लक्षणे सुरू झाल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा. आपल्याकडची किती तरी मुले तिकडे नोकरीला आहेत. औषधाच्या दुकानात फ्लूची लस घेऊन तिथल्या मुलाचा खांदा जायबंदी झाला, तर त्याला हे दार आहे. इथे साताऱ्यात राहणाऱ्या त्याच्या आईला नाही.

त्या योजनेतही कुरबुरी आहेत. यादीत आल्यानंतर खांद्याचे अर्ज इतके वाढले की एकूण अर्जांत निम्म्याहून जास्त तेच झाले. ही लशीची इजा नाही, टोचणाऱ्याची चूक आहे, मग तिचा भार लशीच्या निधीवर का, असे म्हणत तिथल्या आरोग्य खात्याने २०२१ च्या जानेवारीत तिला यादीतून वगळण्याचा नियम काढला. काही महिन्यांतच तो मागे घेतला. आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण ज्याचा हात वर जात नाही, त्याला लस आणि सुई यांतला हा कायदेशीर भेद समजावून रिकाम्या हाताने परत पाठवणे न्यायाचे नाही.

आपल्याकडेही वाट आहे

कुणी म्हणेल, हे श्रीमंत देशांचे लाड आहेत. तसे नाही. चूक सिद्ध न करता भरपाई देण्याची पद्धत आपल्या देशात आधीपासून आहे, आमच्याच आरोग्य खात्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये नसबंदी शस्त्रक्रियांबाबत आदेश दिल्यावर त्याच वर्षी केंद्राने कुटुंबनियोजनासाठी भरपाईची योजना सुरू केली. पुढे ठरलेल्या दरांनुसार शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांत मृत्यू झाला तर दोन लाख आणि शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन दिवस राहिले तर तीस हजार रुपये. काही राज्यांत या रकमा पुढे वाढवल्या. अर्ज जिल्ह्याच्या पातळीवर होतो. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

रस्त्यावर वाहन धडकून पळून गेले, तर मृताच्या कुटुंबाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. वाहन सापडो वा न सापडो. औषधाच्या किंवा लशीच्या चाचणीत सहभागी झालेल्याला इजा झाली, तर २०१९ च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाई आहे. म्हणजे लस चाचणीत असताना टोचून घेणाऱ्याला संरक्षण आणि तीच लस मंजूर होऊन गावात आली की नाही.

नेहमीच्या लसीकरणासाठीही अशीच छोटी, झटपट योजना हवी. तिची यंत्रणा अर्धी तयारच आहे. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची तपासणी करणारी समिती जिल्ह्या-जिल्ह्यांत आहे. तिच्या वर्गवारीत लशीमुळे झालेला त्रास, टोचण्यातल्या चुकीमुळे झालेला त्रास आणि योगायोगाने आलेले दुखणे असे वेगवेगळे खाने आहेत. या समितीत एक अस्थिरोगतज्ज्ञ घ्यावा. तिने वरच्या चार कसोट्या लावून तीन महिन्यांत निर्णय द्यावा. संबंध असण्याची शक्यता जास्त दिसली, की उपचाराचा व प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी किमान वेतनाच्या दराने द्यावी. कायमचे अपंगत्व आले तर ठरावीक रक्कम. ज्याला हे मान्य नाही, त्याचा न्यायालयाचा हक्क शाबूत राहावा.

पैसा कुठून? डोसमागे पंचवीस पैसे बाजूला काढले, तर एक कोटी डोसमागे पंचवीस लाख रुपये जमतात. खांद्याच्या दुखापती विरळ आहेत. रुग्णामागे खर्च फिजिओथेरपी, एखादे एमआरआय आणि काही महिन्यांची मजुरी इतकाच. सरकारला हा आकडा जड नाही.

अफवांचे काय?

आमच्याच क्षेत्रातले काही जण म्हणतील, भरपाईची जाहिरात केली तर लोक म्हणतील, बघा, लस धोकादायक आहे म्हणून तर पैसे देतात! ही भीती मी हलक्यात घेत नाही. देवी या देशातून १९७५ मध्ये गेली, पोलिओमुक्तीचा शिक्का २०१४ मध्ये मिळाला. दोन्ही लशींची पुण्याई. पण माझा अनुभव उलटा आहे. अफवा पसरते ती दुखऱ्या माणसाला 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे सांगून वाटेला लावल्यामुळे. तो गावात जाऊन सांगतो, सरकार लपवते. त्याच्याकडे नीट पाहिले, तपासले, मदत केली, तर तोच माणूस सांगतो, सुई चुकली होती, पण त्यांनी निस्तरले.

दुसरा फायदा कर्मचाऱ्यांचा. आज परिचारिका अशी घटना नोंदवायला कचरते, कारण नोंद म्हणजे चौकशी आणि चौकशी म्हणजे ठपका. शिवाय असा रुग्ण दाखल होत नाही, जिवावरही बेतलेले नसते, म्हणून नोंद मागेच पडते. भरपाई चुकीशी बांधलेली नसेल, तर नोंद निर्भयपणे होईल. नोंदी झाल्या की कोणत्या केंद्रात, कोणत्या शिबिरात सुया वर लागतात हे कळेल आणि तिथे प्रशिक्षण देता येईल. खोटे अर्ज येतील, हे खरे. पण ४८ तासांची कसोटी आणि वेळेवर झालेली तपासणी त्यांना पुरेशी चाळणी आहे.

तोवर आपण काय करावे?

लस घेताना सैल बाहीचा कपडा घाला. बाही पूर्ण वर करा, गळ्याकडून ओढू नका. बसून घ्या, दंड ढिला सोडा. सुई अगदी खांद्याच्या माथ्यावर येते आहे असे वाटले, तर 'सिस्टर, थोडी खाली द्या ना' असे म्हणायला संकोच करू नका. त्यात कुणाचा अपमान नाही.

दुखणे तीन-चार दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढत असेल किंवा हात वर जात नसेल, तर घरी चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. केसपेपरवर पाच गोष्टी लिहून घ्या: लशीची तारीख, लशीचे नाव, कोणता दंड, दुखणे किती तासांनी सुरू झाले आणि हात कुठपर्यंत उचलतो. जागेवर सूज किंवा डाग दिसत असेल, तर मोबाइलवर तारखेसह फोटो काढा. लसीकरण कार्ड, औषधांची बिले, बुडालेल्या दिवसांची नोंद जपून ठेवा. लस दिलेल्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे: १८००-१८०-३०२४. तिथे रुग्ण स्वतः कळवू शकतो.

कायदेशीर सल्ला हवा असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. मुदती चुकू नयेत म्हणून हे लवकर करा. आणि एक विनंती: खांदा दुखला म्हणून पुढची लस टाळू नका. ती दुसऱ्या दंडात, योग्य जागी घ्या. रेबीजसारख्या लशीत तर डोस चुकवणे जिवाशी खेळ ठरेल.

साताऱ्यात किंवा सांगलीत कुणी निवडणुकीत मते मागायला येईल, तेव्हा त्याला रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारा: नसबंदीसाठी जी योजना आहे, ती लसीकरणासाठी का नाही? शासनाने आजवर लोकांकडे दंड मागितला आणि लोकांनी तो विश्वासाने पुढे केला. त्यातला एखादा खांदा दुखावला, तर त्याचा खर्च त्या एकट्या माणसाच्या मजुरीतून जाता कामा नये.